गयती गाडी

वऱ्हाडात गाडी गळत नाही, 'गयते'. 'ळ'चा 'य' करायची इथली सवय डोळ्याचा डोया करते, केळीची केयी करते. पण गळण्याच्या बाबतीत ती सवय मला जास्तच रास्त वाटते. 'गळणे' म्हटलं की थेंब टपकन पडल्यासारखा वाटतो. 'गयणे' म्हटलं की तो कुठून तरी घसरत, रेंगाळत, चार ठिकाणी थांबून आल्यासारखा वाटतो. जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये पाणी येतं ते असंच.

ही पिकअप माझ्या मावसभावाची, चांदूर बाजारकडची. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री वाहते, पावसाळ्यात खत आणि बियाणं. गेले तीन पावसाळे ड्रायव्हरच्या पायाशी तळं साचत होतं, आणि तीनही पावसाळे कुणी ना कुणी पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉनची नळी फिरवून देत होतं. यंदा जुलैत सीटखाली ठेवलेले गाडीचे कागद भिजून एकमेकांना चिकटले, तेव्हा तो गाडी घेऊन अमरावतीला आला. वलगाव रस्त्याच्या कडेला, कडुलिंबाखाली, टिनाच्या शेडमध्ये काम करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते रुचणार नाही. दोन दिवस मी तिथे स्टुलावर बसून होतो, आणि काही मैफलींत बसलो नसेन इतका एकाग्र होऊन बसलो होतो.

पहिलं काम त्यांनी केलं ते पाण्याची जात ओळखण्याचं. पायाखालचं रबरी मॅटिंग उचललं, त्याखालचा नमदा मुठीत धरून पिळला आणि ते पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळलं. रेडिएटरचं कूलंट असेल तर बोटाला बुळबुळीत लागतं आणि किंचित गोडसर वास येतो. ब्रेकचं तेल असेल तर तेलकटपणा सुटत नाही, शिवाय आजूबाजूचा रंग फुगून उठलेला दिसतो. इथे बोटावर उरली ती फक्त काळी माती. "पावसाचंच हाय," ते म्हणाले. मग टॉर्च घेऊन ते गाडीखाली शिरले. मला वाटलं, खालून भोक शोधताहेत. प्रत्यक्षात ते गंज कुठल्या बाजूने चढला ते पाहत होते. दर्यापूर भागातल्या गाड्या बहुधा खालून खाल्ल्या जातात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली की मीठ पत्र्याच्या पोटाशी बसून राहतं. या गाडीचा पत्रा खालून काळाभोर, शाबूत होता. वरून मात्र पापुद्रे सुटले होते. म्हणजे शत्रू घरातला. एकही स्क्रू न उघडता निम्मं निदान झालं होतं.

त्यानंतर पाइप आला, आणि इथे मी स्टूल पुढे ओढलं. आपण कुणीही असतो तर पाणी टपावर सोडलं असतं. पाऊस वरूनच पडतो ना. मिस्त्रींनी पोऱ्याला सांगितलं, "वरून नोको. खालून वर चढ." आधी दाराच्या उंबऱ्याशी, मग दाराच्या खालच्या कडेला, मग बिजागरीपाशी, मग वायपरखालच्या जाळीवर, मग काचेच्या खालच्या कोपऱ्यांवर आणि शेवटी टपाच्या पन्हाळीवर. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, आणि पाण्याला जोर नाही. पाइप नुसता टेकवून ठेवायचा. यातली खुबी अशी की टपावर ओतलेलं पाणी खालचं सगळंच भिजवतं, मग नक्की कोण गळलं ते कळत नाही. खालून चढत गेलं की पहिला थेंब ज्या क्षणी आत येतो, त्या क्षणी पाइप जिथे असतो तीच पातळी गुन्हेगार. उन्हाळ्याअखेर कवेलू फेरणाऱ्या माणसाला हे उपजत माहीत असतं. थेंब ताटात पडतो ती जागा आणि कवेलू फुटतं ती जागा, यांच्यामध्ये आख्खा वासा आडवा असतो.

स्वतः मिस्त्री आत होते. पाठ सीटच्या खालच्या भागावर, डोकं पेडलांपाशी, पाय टेकणीवर, तोंडात छोटी टॉर्च. जमिनीवर त्यांनी फक्की भुरभुरली होती, मैदानावर रेघा मारायला वापरतात ती. कोरड्या फक्कीवर पाण्याचा पहिला ओघळ शाईच्या रेघेसारखा उठतो आणि कुठून आला तेही सांगतो. उंबरा झाला, काही नाही. बिजागरी झाली, काही नाही. पाइप जाळीवर आला. एक मिनिट, दोन, तीन. चौथं सरत असताना डॅशबोर्डखालून हवेच्या झडपेपाशी पाण्याची तार लागली आणि आतून एक बोट वर आलं.

मी म्हटलं, सापडली गळती. त्यांना मात्र थेंबापेक्षा त्याआधीची चार मिनिटं महत्त्वाची वाटली. "भोक असतं तर लगेच आलं असतं, भाऊ. इतका येळ लागला म्हंजे कुठीतरी भरून राह्यलं, मंग सांडलं." वायपरखाली पत्र्याची एक आडवी पन्हाळ असते. काचेवरून उतरलेलं पाणी तिच्यात पडतं आणि दोन टोकांच्या नळ्यांतून चाकांपाशी बाहेर जातं. बाहेरची हवा केबिनमध्ये घेणारं तोंडही याच पन्हाळीत, जरा उंचावर असतं. नळ्या तुंबल्या की पन्हाळीचा हौद होतो आणि हौद काठोकाठ भरला की हवेच्या वाटेने पाणी आत येतं. म्हणूनच रिमझिमीत गाडी कोरडी राहायची आणि धो-धो पावसात तळं व्हायचं. पाणी यायला किती वेळ लागला, एवढ्यावरून न दिसणाऱ्या भांड्याचा आकार ओळखणं: असा तर्क मी भल्याभल्या समीक्षकांत पाहिलेला नाही.

जाळी काढली तर खाली कडुलिंबाच्या काड्या आणि पानं, आणि त्यांना लिंपून टाकणारी काळी माती. ही माती कापसाला माय असेल. नळीत मात्र ती भिजली की फुगते आणि बुचासारखी बसते. क्लचची जुनी वायर पिरगळत पिरगळत त्यांनी नळीतून घातली. आधी काही नाही, मग आतून घशात अडकल्यासारखा आवाज, आणि मग डाव्या चाकाशी काळ्या पाण्याची चूळ. उजवीकडची नळी मोकळी झाली तेव्हा मावसभावाने चक्क टाळी वाजवली. "गाडी लिंबाखाली उभी करू नोका," असं सांगताना मिस्त्रींनी स्वतःच्याच डोक्यावरच्या झाडाकडे पाहिलं आणि हसले.

दुसरा कुणी इथे पैसे घेऊन मोकळा झाला असता. पाइप वर चढतच राहिला, आणि काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून दुसरी, बारीक गळती निघाली. तीन पावसाळ्यांचं सिलिकॉन तिथेच थापलेलं होतं. ते खरवडायला अर्धा दिवस गेला, आणि त्या अर्ध्या दिवसात मला सिलिकॉनचा राग यायला लागला. साध्या सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं; उघड्या लोखंडाला ते गंजाचं आमंत्रणच. वर त्याच्यावर रंग धरत नाही. शिवाय ज्या फटीतून पाणी निघून गेलं असतं तीही बुजते, म्हणजे आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं. "कायले भरता हे? पाण्याले बाहीर तर जाऊ द्या," एवढाच शेरा मिस्त्रींनी मारला.

आता या दोन दिवसांतला सगळ्यात देखणा भाग. हल्लीच्या गाड्यांची पुढची काच पत्र्याला चिकटवलेली असते. या पिकअपची जुन्या पद्धतीने रबरात बसवलेली. रबराला दोन खाचा: एक काचेला धरते, दुसरी पत्र्याच्या कडेला. अमरावतीचं पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि हवेतला ओझोन यांनी जुनं रबर कडक करून टाकलं होतं; दुमडलं की बारीक चिरा पडत होत्या. कडेचा गंज घासून लोखंड उजळवलं, रेड ऑक्साइडचा हात दिला आणि रात्रभर वाळू दिलं. (हा हात त्यांनी फारच ढिसाळ मारला. रंगकामात त्यांचं मन नाही, हे कबूल करायला हवं.) सकाळी नवं रबर काचेवर चढवलं. पत्र्याकडच्या खाचेत सुतळीपेक्षा जराशी जाड नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवून बसवली आणि तिची दोन टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून नेऊन आत सोडली. साबणाचं पाणी लावलं. पोऱ्या बाहेरून दोन्ही तळव्यांनी काच दाबून उभा, मिस्त्री आत. त्यांनी दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे, हळू, न थांबता ओढायला सुरुवात केली. दोरी खाचेतून निघता निघता रबराचा ओठ उचलत होती आणि तो ओठ पत्र्याच्या कडेवरून आत पडत होता, इंच इंच करत, पुस्तकाचं पान उलटावं तसा. पोऱ्याचे तळवे बाहेरून दोरीच्या बरोबर पुढे सरकत होते. दोघांना एकमेकांचे चेहरे काचेतून दिसत होते, पण शब्द एकही नाही. जर्मनीत बीटलच्या काचाही अशाच दोरीने बसवत. युक्ती जगभरची आहे. वरच्या वळणाशी ओठ अडला तेव्हा मिस्त्रींनी दोरी ओढली नाही, उलट बोटभर सैल सोडली, पोऱ्याने तळव्याने एक थाप दिली आणि रबर आपण होऊन बसलं. जोर कुठे लावायचा नाही, हे इतकं स्वच्छ मी क्वचितच पाहिलं आहे.

दाराचं काम थोडक्यात झालं, पण त्यातही एक धडा होता. दारात पाणी शिरायचंच असतं. वरखाली होणाऱ्या काचेच्या फटीतून ते आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा एक कागद असतो, तो हे पाणी केबिनपासून दूर ठेवतो. स्पीकर बसवताना कुणीतरी तो टराटरा फाडला होता. मिस्त्रींनी जाड प्लास्टिक कापून ब्युटाइलच्या काळ्या पट्टीने चिकटवलं आणि त्याची खालची कड दाराच्या पोटात खोचली, वरचं कवेलू खालच्यावर यावं तशी. दाराच्या चौकटीचं रबर बसवताना कोपऱ्यावर ते ताणलं नाही, उलट आत थोडं दाटून भरलं. ताणलेलं रबर महिन्याभरात आखडतं आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते. मग दहाची नोट दारात धरून दार लावलं आणि नोट ओढून पाहिली. एका जागी ती अलगद निघाली. कुलूप अडकतं तो खुंटा त्यांनी सुताभर आत सरकवला. पुन्हा नोट. या वेळी ती फाटायच्या बेताला आली, तेव्हा ती मला परत देऊन टाकली. नोट माझी होती.

उभ्या गाडीत न गळणारं पाणी धावत्या गाडीत गळू शकतं. वारा अंगावरून वेगाने गेला की केबिनमधली हवा फटींतून बाहेर ओढली जाते, आणि तिची जागा भरायला दुसऱ्या फटीतून हवेबरोबर पाणीही आत येतं. म्हणून संध्याकाळी पाऊस लागल्यावर आम्ही तिघे बडनेऱ्याहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागलो. याच रस्त्यावर अमरावती-अकोल्यादरम्यान जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून गिनीज बुकात नोंद झाली होती. मिस्त्रींना त्या विक्रमाचं विशेष कौतुक नव्हतं. रस्ता सपाट असल्याने गाडीचा खडखडाट कमी आणि पाण्याचा आवाज ऐकू येतो, एवढीच त्यांची दाद. निघण्याआधी त्यांनी पायांशी पुन्हा फक्की भुरभुरली होती. मूर्तिजापूरला गाडी वळवली तेव्हा पाऊस इतका होता की वायपर काचेवर नुसते आडवे हात मारत होते.

परत आल्यावर त्यांनी दार उघडलं आणि टॉर्च खाली धरली. फक्की जशीच्या तशी, कोरडी. तिच्यावर फक्त माझ्या चपलेचा एक ठसा होता.