दोन भगिनी आणि एक सिंहासन

आठव्या हेन्रीची कथा आपण बहुधा संत थॉमस मोर यांच्या बाजूने ऐकत आलो. १९६६ सालच्या ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ने ती तशीच सांगितली. जस्टिन चॅडविक दिग्दर्शित ‘दि अदर बोलिन गर्ल’ (२००८) या चित्रपटात मात्र मोर नाहीत आणि बिशप जॉन फिशरही नाहीत. फिलिपा ग्रेगरी यांच्या कादंबरीवर आधारलेली ही कथा बोलिन घराण्याच्या उंबरठ्याआड घडते. वडील आणि मामा, ड्यूक ऑफ नॉरफोक, प्रथम ॲनला आणि मग विवाहित मेरीला राजापुढे उभे करतात. मेरी राजाची होते, ॲनच्या मनात मत्सर पेटतो आणि पुढे तीच राणीपदावर हक्क सांगते.

नॅटली पोर्टमनची ॲन अस्वस्थ, तल्लख आणि बोचरी आहे. स्कार्लेट जोहॅन्सनची मेरी मौनातून बोलते. एरिक बाना यांचा राजा मात्र भरजरी वस्त्रांतच अडकून पडला आहे. मला सर्वांत भावली ती क्रिस्टिन स्कॉट थॉमस यांनी रंगविलेली आई. मुलींचा सौदा होतो आहे, हे त्या घरात तिला एकटीलाच कळते. पण तिचे ऐकतो कोण?

इतिहासाशी घेतलेली मोकळीक बरीच आहे. अनेक इतिहासकारांच्या मते मेरी थोरली होती. येथे ती धाकटी केली आहे. ॲनवर राजाने बळजबरी केल्याच्या प्रसंगाला इतिहासात आधार नाही. हेन्रीने ॲनला लिहिलेली सतरा प्रेमपत्रे आज, आश्चर्य वाटेल, व्हॅटिकनच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. त्यांतला आर्जवी प्रेमिक पडद्यावर फारसा दिसतच नाही.

परंतु माझी खरी तक्रार वेगळीच आहे. कॅथरीन ही दिवंगत भावाची पत्नी, म्हणून हा विवाह आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला टोचतो, असे हेन्री म्हणत होता. त्या काळच्या धर्मनियमांनुसार विवाहबाह्य संबंधातूनही नाते जडत असे. म्हणजे मेरीशी संबंध आल्यावर तिची बहीण त्याला तितकीच निषिद्ध होती. हे ठाऊक असल्यानेच त्याने १५२७ साली पोप क्लेमेंट सातवे यांच्याकडे त्या अडथळ्यातून सूट मागितली! एका नात्यासाठी टोचणी आणि तशाच दुसऱ्यासाठी सवलत. दोन बहिणींची कथा सांगणाऱ्या चित्रपटाच्या हाताशी एवढे नाट्य असताना त्याने ते सोडून द्यावे, याचे नवल वाटते. कॅथरीनच्या भूमिकेत आना टोरेंट थोडाच वेळ दिसतात; त्या राणीची व्यथा समजण्यास हा धागा किती उपयोगी पडला असता!

आमच्या धर्मग्रामातील युवकांसमवेत मी हा चित्रपट पाहिला. (लहान मुलांना तो दाखवू नये.) शेवटी एका मुलीने विचारले, “फादर, ॲनला आणि तिच्या भावाला मृत्युदंड झाला, पण त्यांना पुढे ढकलणाऱ्या मोठ्यांचे काय झाले?” मी तिला इतिहासात होते तेच सांगितले. मे १५३६ मध्ये ॲनवरील खटल्याचे अध्यक्षस्थान तिच्या त्याच मामाने भूषविले आणि त्यानेच शिक्षा वाचून दाखविली. वडील थॉमस बोलिन यांचे राजमुद्रेचे पद गेले. ते १५३९ साली आपल्या घरीच वारले.