नवा ब्राउझर, पण फळा कोणाच्या भिंतीवर?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. मधून भीमा वाहते. एकीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे दौंडचे रेल्वे जंक्शन, आणि दोन्हीकडे उसाच्या फडांमध्ये विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा. या भागातल्या काही शिक्षकमित्रांनी आम्हाला विचारले, "शाळेच्या संगणकावर नवा ब्राउझर घेतला. लेखन, तक्ते, चाचण्या असे सगळे आता त्यातच होते. वेगळी आज्ञावली बसवायला नको. मग जुने सारे काढून टाकले तर काय बिघडले?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. या नव्या व्यवस्थेच्या जमेच्या आणि उणिवेच्या अशा दोन्ही बाजू तपासून पाहू या.

ब्राउझर हे मुळात वाचनाचे साधन. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या प्रयोगशाळेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली, तेव्हा संशोधकांना एकमेकांचे कागद वाचता यावेत एवढाच हेतू होता. १९९३ साली आलेल्या मोझेकने मजकुराशेजारी चित्रे दाखवली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेव्हाही वेबचे पान म्हणजे शाळेतल्या सूचनाफलकासारखेच होते. यायचे, वाचायचे, पुढे जायचे. एक शब्द बदलायचा तरी संपूर्ण पान पुन्हा मागवावे लागे.

हे चित्र पालटले ते एका छोट्या सोयीमुळे. १९९९ सालच्या इंटरनेट एक्स्प्लोरर-५ मध्ये पान तसेच ठेवून दूरच्या संगणकाकडून हवी तेवढीच माहिती मागवता येऊ लागली. २००४ साली आलेल्या जीमेलने आणि २००५ सालच्या गूगल नकाशांनी या युक्तीचा पुरेपूर उपयोग केला. वाचायचे पान आता काम करणारी आज्ञावली बनले. २ सप्टेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेला क्रोम तर अशा पानांसाठीच घडवलेला होता. पानातल्या जावास्क्रिप्ट या भाषेतील सूचनांचे तो थेट यंत्रभाषेत रूपांतर करी, म्हणून काम झपाट्याने होई. शिवाय प्रत्येक टॅबचे काम वेगळे चाले. एका वर्गात गोंधळ झाला म्हणून सगळी शाळा सोडून द्यावी लागत नाही, तसेच हे.

याचे फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पेनड्राइव्ह या संगणकातून त्या संगणकात फिरवताना विषाणूही फिरत असत. तो त्रास कमी झाला. शिरूरचा शिक्षक आणि दौंडची शिक्षिका एकाच तक्त्यात एकाच वेळी लिहू शकतात. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरोखर अंतिम' अशा तीन प्रती होत नाहीत. संगणक बंद पडला तरी लिहिलेले दुसऱ्या संगणकावर सापडते.

आता दुसरी बाजू. एक साधे गणित मांडू. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'शिरूर' या शब्दात श, ि, र, ू, र अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट. दोन हजार चिन्हांचा पानभर निबंध फार तर ६ हजार बाइटचा होतो. पण तो लिहिण्यासाठी आधी ऑनलाइन आज्ञावली उघडावी लागते. तिच्यासाठी ३० लाख बाइट उतरवावे लागतात असे धरू. म्हणजे निबंधाच्या पाचशेपट ओझे! वर्गात ३० मुले ३० संगणकांवर बसली, तर एकूण ९ कोटी बाइट, म्हणजे ७२ कोटी बिट झाले. शाळेची जोडणी सेकंदाला २० लाख बिटची असेल तर ३६० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे, पहिले अक्षर उमटण्याआधीच जातात. पावसाळी दुपारी वेग दहाव्या हिश्श्यावर आला, तर हीच ६ मिनिटे ६० होतात. तास ३५ मिनिटांचाच असतो.

ब्राउझर एकदा उतरवलेले भाग साठवून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ओझे कमी होते, हे खरे. पण आज्ञावलीत बदल झाला किंवा साठा पुसला गेला की पुन्हा पहिला दिवस उगवतो. नव्या व्यवस्थेची स्तुती शहरातल्या वेगवान जोडणीवर बसून केलेली असते. ती वस्तीशाळेवर ताडून पाहायला हवी, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

दुसरी उणीव मालकीची. दौंड तालुका गुऱ्हाळांसाठी प्रसिद्ध आहे. ऊस आपला, पण काहील दुसऱ्याची असेल, तर त्याने गुऱ्हाळ बंद केल्यावर आपण उसाची मोळी घेऊन कुठे जायचे? ही भीती कल्पनेतली नाही. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. अनेक शिक्षक ज्यावर फळ्यासारखे लिहीत होते, तो जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ रोजी मिटला. फाइली उतरवून घ्यायला मुदत मिळाली होती, पण त्या पुन्हा खोडून लिहिता येण्याजोगा तो फळा मात्र गेला. अॅडोबीने फ्लॅशला ३१ डिसेंबर २०२० रोजी निरोप दिला, आणि त्यावर बेतलेली कितीतरी शैक्षणिक चलचित्रे एका रात्रीत निरुपयोगी झाली.

तिसरी उणीव एकाच साधनावर विसंबण्याची. मराठी वाचकाला हा धडा नवा नाही. २००० सालाच्या आगेमागे अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचे वेगळे फाँट वापरत. एका ब्राउझरमध्ये बातमी सुरेख दिसे, तर दुसऱ्यात तिच्या जागी रोमन अक्षरांचा काला. युनिकोड हे सर्वांचे समान मानक रुजले तेव्हा ही पीडा टळली. म्हणजे मराठीला तारले ते सर्वांनी मान्य केलेल्या उघड नियमाने, कोण्या एका ब्राउझरने नव्हे.

आज ब्राउझर पुष्कळ दिसतात, पण त्यांच्या पोटात डोकावले पाहिजे. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन दौंडला सोडवून दुसऱ्या टोकाला जोडत, हे अनेकांनी पाहिले असेल. डबे तेच, पण ओढणारे कोण हे तिथे कळे. ब्राउझरलाही इंजिन असते. मायक्रोसॉफ्टच्या एजने जानेवारी २०२० मध्ये डबे आपले ठेवून क्रोमचेच इंजिन जोडले. ऑपेराही त्याच इंजिनावर धावतो. फायरफॉक्सचे इंजिन वेगळे, सफारीचेही वेगळे. एखादे पान फक्त एकाच इंजिनावर चालू लागले, तर पुन्हा आपण 'हे पान अमुक ब्राउझरमध्येच पाहा' या जुन्या पाटीपाशी येऊन उभे राहू. पुढे १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त झाला, तेव्हा अशा पाट्यांवर विसंबलेल्यांचीच धावपळ झाली.

मग ब्राउझरमध्ये काम करूच नये का? तसे मुळीच नाही. ब्राउझरमध्ये चालणे आणि नेटवर अवलंबून असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाचे प्रयोग ब्राउझरमध्येच चालतात. त्यांतले अनेक मराठीतही आहेत, आणि नव्या पद्धतीचा प्रयोग एकच फाइल म्हणून उतरवून घेता येतो. मग नेट नसले तरी विद्युतमंडलाचा दिवा पेटतो. गूगल डॉक्सलाही क्रोम किंवा एजमध्ये नेटविना लिहिण्याची सोय आहे; मात्र ती नेट असतानाच आधी चालू करून ठेवावी लागते. विहीर आटण्यापूर्वी हौद भरायचा, एवढेच.

म्हणून आमचे उत्तर असे : नवा ब्राउझर जरूर घ्या, पण जुने काढून टाकण्याआधी प्रत्येक ऑनलाइन साधनाची चार प्रकारे परीक्षा घ्या. एक, नेट तोडून पाहा. काम कुठवर चालते? दोन, आपले लेखन साध्या, दुसऱ्या आज्ञावलीत उघडेल अशा फाइलच्या रूपात बाहेर काढता येते का? तीन, वेगळ्या इंजिनाच्या ब्राउझरमध्ये, उदाहरणार्थ फायरफॉक्समध्ये, ते चालते का? चार, ते मुलांची नावे, जन्मतारखा, गुण मागते का? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. आपल्या सोयीसाठी मुलांची माहिती परक्या दारात ठेवताना हे विसरू नये.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी शाळेत वापरात असलेल्या साधनांचा या चार प्रश्नांनुसार तक्ता करावा. विज्ञान प्रदर्शनात मांडण्याजोगा हा प्रकल्प आहे, आणि त्याला एका पैशाचाही खर्च नाही. तक्ता मात्र कागदावरही उतरवून ठेवावा. नेट गेलेल्या दिवशी तो नेमका लागेल.