'टारफुला'नंतरची चावडी

टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर जगणारे तण. ते जमिनीवर दिसू लागते तोवर धाटाचे सत्त्व शोषले गेलेले असते. शंकर पाटलांनी 1964 साली आपल्या कादंबरीला हेच नाव दिले. गावावर दरारा असलेला पाटील मरतो, सत्तेची जागा रिकामी पडते आणि त्या जागेसाठी गाव पेटते. माणूस मरतो, गादी मरत नाही, हे कादंबरीचे सांगणे आहे. चित्रण समर्थ आहे, याबद्दल वाद नाही. पण गारगोटीत बसून ती वाचताना मला निराळा प्रश्न पडतो. या गादीपुढे पिढ्यान्‌पिढ्या हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाचे काय? कादंबरीचे केंद्र वाड्यात आणि चावडीत आहे. गावकुसाबाहेरून गादी कशी दिसते, हे तिथून कळत नाही.

कायद्याने ही गादी केव्हाच मोडली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली महार वतन रद्द केले. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे मंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले. सबंध राज्यात कनिष्ठ वतने जायला 1958 चा कायदा यावा लागला. 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पदही गेले आणि त्याच वर्षी 1 मे पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. 1993 साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राखीव जागा दिल्या, राखीव खुर्च्याही दिल्या. वेठ राबलेल्याचा नातू आज गारगोटीच्या पंचायत समितीत सभापती होऊ शकतो.

मग काय बिघडले? संस्था जुनी झाली की तिचे नियम उरतात, हेतू आटतो. पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्यापुढे एक दिवसही नाही, असे घटना सांगते. तरी मार्च 2022 मध्ये कोल्हापूर जिल्हा परिषदेची आणि तिच्याखालच्या पंचायत समित्यांची मुदत संपली आणि तीन वर्षे उलटून गेली तरी कारभार प्रशासकाच्याच हाती राहिला. लोकांनी निवडलेला एकही माणूस तिथे नव्हता. याहून मला बोचते ते हे, की त्यासाठी गावे रस्त्यावर उतरली नाहीत. घरकुलाला चिठ्ठी लागते, दाखल्याला ओळख लागते, हे आपण कधीच मान्य करून बसलो होतो. जो हक्काची वस्तू मेहरबानी म्हणून घेतो, तो हळूहळू मेहरबानी वाटणाऱ्यालाच पाटील करतो. राखीव खुर्चीवर बसून दुसऱ्याने लिहिलेल्या ठरावावर सही करणारा आपला माणूसही यातून सुटत नाही. त्याची अगतिकता मला समजते; ती नीती म्हणून मला मान्य नाही.

वाड्याची कादंबरी लिहून झाली आहे. सहीपूर्वी ज्याचा हात क्षणभर थांबतो, त्या आपल्या सरपंचाची कादंबरी दलित लेखकानेच लिहायची आहे. तोवर शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी निदान ग्रामसभेत ठराव मोठ्याने वाचून घ्यावा, आणि तो कोणी लिहिला हेही विचारावे.