काही नाही, गुरुजी

बालकवींच्या ‘औदुंबर’ कवितेच्या ओळी आठच. झरा, गाव, मळे, पायवाट असे करीत नजर डोहाशी येते आणि पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडापाशी थांबते. घडत काहीच नाही. टीकाकारांनी त्या झाडात विरक्ती पाहिली, औदासीन्य पाहिले. मीही वर्गात वर्षानुवर्षे तेच सांगितले.

एकदा ही कविता चालू असताना खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाला मी दरडावले, “काय पाहतोस?”

“काही नाही, गुरुजी.”

त्याला तासभर उभा केला. चूक माझीच होती. कवितेतली पायवाटही वाकडीतिकडीच आहे. मनाला तसे भटकू द्यावे, तेव्हाच ते डोहापर्यंत पोचते.

वाचकहो, फराळानंतर घटकाभर नुसते बसून पाहा. हातात हा अंकही नको!