विद्यार्थ्यांचे पुनर्लेखन आणि वडीलधाऱ्यांची लाल शाई

विद्यार्थ्यांच्या निबंधांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा ऱ्हस्व-दीर्घापाशी संपते. शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. परंतु नियमांच्या कसोटीस उतरलेला निबंध पुन्हा विचारपूर्वक लिहिला गेला आहे, असे म्हणता येत नाही.

'आमचे शहर' हा नेहमीचा विषय घ्या. इंदूरचा विद्यार्थी होळकरांच्या ऐतिहासिक नगरीपासून आरंभ करतो, राजवाडा व सराफा ओलांडतो आणि 'वारसा जपणे ही काळाची गरज आहे' येथे थांबतो. समजा, मध्येच एक वाक्य येऊन गेले : 'आजी घरात मराठी बोलते, पण भाजीवाल्याशी घासाघीस हिंदीत करते.' खरा निबंध या वाक्यात आहे. ते ओळखणे, आरंभी आणणे, आजी केव्हा व का भाषा बदलते हे न्याहाळून लिहिणे आणि 'काळाची गरज' निर्दयपणे खोडणे, यास आम्ही पुनर्लेखन म्हणतो.

येथे वडीलधारे आड येतात. मूल 'मी जाऊन राहिलो होतो' असे लिहिते. घरचे तत्काळ 'मी जात होतो' असे करून देतात आणि हात लागलाच आहे म्हणून शेवटही सजवतात. निबंधास बक्षीस मिळते. पण चांगली मराठी ही दुसऱ्याच्या हातची वस्तू आहे, अशी समजूत मुलाच्या मनात रुजते. 'सत्यकथे'चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी चर्चा करीत, त्यांना पत्रे लिहीत. फेरलेखन लेखकाने करावयाचे असे. नामवंतांस मिळालेला हा मान शाळकरी मुलास का मिळू नये?

खर्डा दोन दिवस बाजूला ठेवावा, मग मोठ्याने वाचावा, जीभ अडखळेल तेथे खूण करावी. आधी मुद्दा, नंतर मांडणी, मग वाक्य, शुद्धलेखन सर्वांत शेवटी. वडीलधाऱ्यांनी 'हे तू स्वतः पाहिलेस का?' एवढेच विचारावे. स्पर्धांच्या परीक्षकांनीही अंतिम प्रतीबरोबर पहिला खर्डा मागवावा, अशी आमची सूचना आहे.

पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात आपण मराठी बोलून टिकवली. ती विचाराची भाषा राहावयाची असेल, तर स्वतःच्या वाक्याशी भांडण्याचा अधिकार मुलांस दिलाच पाहिजे.