‘बिनतारी’ : एका संज्ञेचे परीक्षण

संदेशवहनाच्या माध्यमांचे ‘तारयुक्त’ व ‘बिनतारी’ असे वर्गीकरण मराठीत रूढ असले, तरी ते सदोष आहे. तांब्याच्या पीळदार जोडतारेस पहिली संज्ञा शोभते. प्रकाशतंतू मात्र काचेचा असून त्यातून विजेऐवजी प्रकाश वाहतो. त्यास तार कसे म्हणावे? शिवाय खामगाव-मलकापुराकडे ‘तार आली’ म्हणजे निरोप, बहुधा अशुभ, आला असेच समजत. जुलै २०१३ मध्ये तारसेवा संपली. तो अर्थ अद्याप स्मरणात आहे. ‘बिनतारी’ तर केवळ अभाव सांगते. रेडिओलहरी, सूक्ष्मलहरी वा अवरक्त किरण अवकाशात मोकळे पसरतात, हे सांगत नाही. बुलढाण्याच्या विद्यार्थ्यास संज्ञेवरूनच विषय उमगावा, तर ‘मार्गबद्ध’ व ‘मुक्त’ ही जोडीच ग्राह्य मानावी लागेल.