ओळखीच्या तोंडवळ्याचे परके शब्द

इंग्रजी ग्रंथ वाचतांना कठीण शब्द वाचकास फसवीत नाहीं. तो आपलें काठिण्य प्रथमदर्शनींच कबूल करितो आणि वाचक कोशाकडे वळतो. फसवितो तो सोपा शब्द. शेक्सपिअरच्या नाटकांस जोडलेल्या पुष्कळ शालेय टिपा पाहिल्या म्हणजे टीपकारांस हें उमगलेलें दिसत नाहीं. शस्त्रांचीं, पक्ष्यांचीं आणि ग्रीक देवतांचीं नांवें ते विस्तारानें समजावून देतात. ज्या लहानशा क्रियापदावर सगळें वाक्य उलटें फिरावें तें मात्र तसेंच सोडून पुढें जातात.

'लेट' हेंच घ्या. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकांत पित्याचें भूत राजपुत्रास खुणेनें बोलावतें, सोबती त्यास धरून ठेवितात, आणि जो आपणांस 'लेट' करील त्याचा प्राण घेण्याची धमकी तो देतो. चालू इंग्रजीच्या आधारें अर्थ करणारास वाटावें कीं, वाट मोकळी करून देणारावरच हा उलटला! वस्तुतः प्राचीन इंग्रजींत हे दोन निराळे शब्द होते. 'लॅटन' म्हणजे सोडणें, करूं देणें. 'लेट्टन' म्हणजे अडविणें. उच्चार झिजत जाऊन दोहोंचें रूप एक झालें, अर्थ मात्र परस्परविरुद्ध राहिले. 'जाऊं दे' आणि 'जाऊं देऊं नको' हीं दोन्ही एकाच ध्वनीनें सांगणें फार दिवस निभणारें नव्हतें. अडविणारा 'लेट' हळूहळू मागें सरला. तो समूळ नष्ट मात्र झाला नाहीं. टेनिसमध्यें सर्व्हिसचा चेंडू जाळ्यास लागून योग्य जागीं पडला असतां पुकारतात तो हाच, असें सामान्यतः मानितात. कायद्याच्या भाषेंतही तो 'हिंडरन्स'च्या जोडीनें जिवंत आहे. भारतीय पासपोर्टांत राष्ट्रपतींच्या नांवें जी विनंती छापलेली असते तींत ही जोडी आहे, आणि पासपोर्ट बाळगणारांपैकीं फारच थोड्यांनीं तिचा विचार केला असेल. गंमत अशी कीं, उशिराचा 'लेट' हा ह्या अडविणाऱ्या 'लेट'चाच नातलग होय. अडविणें म्हणजे मुळांत उशीर करविणें. तेव्हां गाडी 'लेट' झाली म्हणून कुरकुरणारा आपला प्रवासी नकळत हॅम्लेटच्या शब्दाच्या बराच जवळ असतो.

'प्रिव्हेंट'चें प्रकरण निराळें. तेथें दोन शब्द एक झाले नाहींत. एकच शब्द चालत चालत दुसऱ्या गांवीं गेला. मूळ लॅटिनमध्यें त्याचा अर्थ 'आधीं येणें'. १६११ च्या इंग्रजी बायबलांत, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, प्रभूच्या आगमनसमयीं जिवंत असलेले लोक मृतांस 'प्रिव्हेंट' करणार नाहींत असें म्हटलें आहे. म्हणजे त्यांच्या आधीं पोंचणार नाहींत. जो आधीं पोंचतो तो वाट अडवूं शकतो, आणि ह्या पायरीवरून शब्द आजच्या अर्थास उतरला. १८८१ च्या सुधारित आवृत्तींत तो काढून तेथें 'प्रिसीड' घातला गेला. शेक्सपिअरच्या बाबतींत तो उपाय चालणार नाहीं, म्हणूनच टीपकाराची जबाबदारी वाढते.

सारख्या दिसणाऱ्या जोड्यांपैकीं 'ट्रॅव्हल' आणि 'ट्रॅव्हेल' हे तर मूळचे एकच. प्रवास आणि कष्ट ह्यांत भेद करण्याचें जुन्या वाटसरूस फारसें कारण नव्हतें. 'इंजीनियस' आणि 'इंजेन्युअस', म्हणजे कल्पक आणि निष्कपट, हे १७ व्या शतकांत एकमेकांच्या जागीं खुशाल छापले जात.

परंतु आज खरा वाद माजतो तो 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' ह्यांवरून. पहिला म्हणजे स्वार्थनिरपेक्ष, दुसरा म्हणजे ज्यास गोडी नाहीं असा. पहिला दुसऱ्याच्या अर्थीं योजणारास भाषाशुद्धीचे कैवारी अडाणी ठरवितात. इतिहास त्यांच्या बाजूचा नाहीं. १७ व्या शतकांत पहिला शब्द 'गोडी नसलेला' ह्या अर्थीं सांपडतो, आणि दुसरा 'निःपक्षपाती' ह्या अर्थीं! दोघांनीं पुढें घरेंच बदललीं. तरीही आम्ही आजचा भेद पाळण्याच्या पक्षाचे आहों; जुनेपणासाठीं नव्हे, उपयोगासाठीं. मॅथ्यू अर्नोल्डनें १८६४ मध्यें टीकेच्या कार्यावरील निबंधांत टीकाकाराचा नियम एकाच शब्दांत सांगितला, तो ह्या पहिल्या विशेषणापासून झालेलें नाम. पक्षाच्या आणि व्यवहाराच्या सोयीगैरसोयींपासून बुद्धि अलिप्त ठेवावी, हा त्याचा आशय. भेद पुसला तर तोच निबंध कंटाळलेल्या टीकाकाराची तरफदारी करणारा वाटूं लागेल. आणि त्याच निबंधांत अर्नोल्ड जिज्ञासेची बाजू किती हिरीरीनें घेतो हें वाचणारास ठाऊक आहे.

मराठींत हा शब्द आणूं जाणारास असाच पेंच पडतो. गीतेच्या बाराव्या अध्यायांत प्रिय भक्ताच्या लक्षणांमध्यें 'उदासीन' हा शब्द आला आहे. तेथें त्याचा अर्थ तटस्थ, पक्षपातरहित. अर्नोल्डच्या शब्दास इतका जवळचा प्रतिशब्द आम्हांस दुसरा दिसत नाहीं. पण आज 'उदासीन टीकाकार' असें छापलें तर वाचकांच्या डोळ्यांपुढें येईल तो पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहत बसलेला कोणी खिन्न गृहस्थ.